मोठ्या कंपनीची नोकरी आणि मावशींचा प्रश्न

धंतोली म्हणजे दवाखान्यांचा मोहल्ला. नागपूरच काय, पण चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याकडून माणसे आपले दुखणे घेऊन येथे येतात. डॉक्टरांच्या पाट्या सारेच वाचतात. पण त्या पाट्यांच्या आत रात्रंदिवस राबणाऱ्या आया, वॉर्डबॉय, झाडूवाल्या बाया आणि दारावरचे पहारेकरी कोठून येतात, याची चौकशी कोणी करीत नाही. ते येतात आपल्याच वस्त्यांतून. सकाळी सातच्या सुमारास रात्रपाळी सुटते तेव्हा यशवंत स्टेडियमजवळच्या चहाच्या टपऱ्यांवर ही सारी मंडळी भेटतात. आमचेही तेथे जाणे-येणे आहे.

गेल्या महिन्यात तेथेच एक मावशी भेटल्या. एका खाजगी दवाखान्यात त्या आयाचे काम करतात. हातात बटणांचा जुना फोन, रात्री वॉर्डात कामी पडतो म्हणून टॉर्चवाला. चहा निवेपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “भाऊ, तुमी पेपरात लिहिता म्हणून इचारते. पोरगी बारावी झाली. ठेकेदाराचा माणूस घरी आला होता. तिकडं तमिळनाडूत मोबाइलच्या कारखान्यात लावून देतो म्हणते. राहाणं-खाणं कंपनीचं. पगार इथल्या दुकानापरीस दुप्पट. पोरगी त एका पायावर तयार हाय. मले एकच सांगा, मोठी कंपनी हाय म्हणते, मोठी कंपनी काही बुडत नसंन ना?”

आम्ही चटकन उत्तर देऊ शकलो नाही. “मोठी कंपनी हाय” एवढ्या दोन शब्दांवर आपल्या किती घरांनी मुले परगावी धाडली, कर्ज काढले, सोयरिकी जमवल्या! म्हणून मावशींचा प्रश्न या पानावर घेतो आहोत. आज तो मावशींच्या घरी आला आहे, उद्या तुमच्या घरी येईल.

पहिला नंबर कोणाचा?

वाचक बंधु-भगिनींनो, मोबाइलच्या धंद्यातील पहिल्या नंबराची गोष्ट मोठी उद्बोधक आहे. ३ एप्रिल १९७३ रोजी अमेरिकेतील मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून पहिला कॉल लावला. कोणाला लावला असेल? प्रतिस्पर्धी कंपनीच्या माणसाला! म्हणजे या धंद्याची पहिली घंटाच चढाओढीची वाजली. तो फोन बाजारात आला १९८३ साली, किंमत सुमारे चार हजार डॉलर. आपल्या देशात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलणे केले. त्या काळी फोन आला तरी पैसे आणि केला तरी पैसे. गरिबाने त्याकडे लांबूनच पाहावे.

१९९८ साली मोटोरोलाला मागे टाकून फिनलंडची नोकिया जगात पहिली आली. ही कंपनी १८६५ साली कागदाच्या लगद्याची गिरणी म्हणून सुरू झाली होती. २००३ साली तिने ११०० नावाचा फोन काढला. धुळीला दाद न देणारा, टॉर्चवाला, स्वस्त. जगभर तो २५ कोटींहून अधिक खपला. मावशींच्या हातातील फोन त्याच घाटाचा. रिक्षावाला, भाजीवाली, बांधकामावरचा मजूर, सर्वांच्या खिशात पहिला फोन गेला तो बहुधा नोकियाचा. त्या वेळी कोणी म्हटले असते की ही कंपनी बुडेल, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

आणि काय घडले? ९ जानेवारी २००७ रोजी ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी बोटाने चालणारा आयफोन दाखवला. पुढच्याच वर्षी गुगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला. अँड्रॉइड कोणत्याही कारखानदाराला वापरता येत होते, म्हणून सॅमसंगसारख्या कंपन्यांनी ते झटकन उचलले. नोकिया मात्र आपल्या जुन्या पद्धतीला धरून बसली. २०१२ साली सॅमसंगने तिला मागे टाकले. २०१३ साली फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकण्याचा करार झाला आणि एप्रिल २०१४ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. पंधरा-सोळा वर्षांत जगज्जेती कंपनी या धंद्यातून उठली.

पुढे सॅमसंगचा पहिला नंबर टिकला, पण २०२३ साली जगातील विक्रीत ॲपलने तो घेतला. गंमत अशी की या दोघांनी २०११ पासून सात वर्षे एकमेकांवर खटले चालवले, २०१८ साली तडजोड केली, आणि या सबंध काळात सॅमसंगच्या कारखान्यांतून ॲपलला सुटे भाग जातच होते. कोर्टात वैर आणि गोदामात व्यवहार! आपल्या देशात तर नंबर आणखी भराभर फिरला. २०१४ च्या अखेरीस मायक्रोमॅक्स ही देशी कंपनी सॅमसंगच्याही पुढे गेल्याचे एका पाहणीने सांगितले. चिनी कंपन्या स्वस्तात फोर-जी फोन घेऊन थेट बाजारात उतरल्या आणि मायक्रोमॅक्स मागे पडली. २०१७ च्या अखेरीस शाओमी पहिली, पुढे सॅमसंग, २०२४ मध्ये विवो. विवो आणि ओप्पो यांच्या पाट्या दुकानात समोरासमोर भांडतात. पण दोन्ही चीनमधील बीबीके या एकाच घराण्यातून निघालेल्या आहेत. भांडण पाटीचे, कूळ एकच.

नंबर जातो तेव्हा कोण जाते?

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. नंबर गेला तर मालकाचे काय होते आणि कामगाराचे काय होते?

नोकियाने २००६ साली चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे कारखाना काढला. भरभराटीच्या काळात सुमारे ८ हजार कामगार कायम नोकरीत होते. त्यांत तरुण मुलींचा भरणा मोठा. खेड्यातून आलेल्या या मुलींनी घरी पैसे धाडले, भावांची शिक्षणे केली. पण कंपनी विकली गेली तेव्हा कराच्या वादामुळे हा कारखाना त्या विक्रीतून वगळला गेला. काही महिने तो मायक्रोसॉफ्टसाठी फोन बनवीत राहिला, मग ते कामही थांबले आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी उत्पादन बंद पडले. हजारो कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पंचविशीतील मुलीने निवृत्ती घ्यायची, हा शब्दच किती क्रूर आहे! फोन त्यांनी चांगलेच बनवले होते. चूक झाली ती हजारो मैल दूर बसलेल्या साहेबांची.

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे. पुण्याजवळ रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी कंपनीचा कारखाना २००४ साली उभा राहिला. तेथे टीव्ही, फ्रीजबरोबर मोबाइल फोनही बनू लागले. एके काळी एलजी जगात तिसऱ्या क्रमांकावर होती. पुढे सुमारे सहा वर्षे सतत तोटा झाला आणि ५ एप्रिल २०२१ रोजी कंपनीने मोबाइलचा धंदा कायमचा सोडत असल्याचे जाहीर केले. कंपनी बुडाली नाही. फ्रीज आणि धुलाई यंत्रे ती आजही विकते. हे नीट ध्यानात घ्या. कंपनी शाबूत राहते आणि आपले खाते बंद होते, असेही घडू शकते.

आणि जी कंपनी आलीच नाही तिचे काय? ऑगस्ट २०१५ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉनने महाराष्ट्र शासनाशी करार केला. पाच अब्ज डॉलरची गुंतवणूक, ५० हजार नोकऱ्या! वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. जानेवारी २०२० मध्ये राज्याचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी सांगितले की तो प्रकल्प आता येत नाही. मग २०२२ साली वेदांता आणि फॉक्सकॉन यांच्या चिप कारखान्यासाठी तळेगावचे नाव चालले. सप्टेंबरात करार झाला तो गुजरातशी. राजकारण तापले, एकमेकांवर आरोप झाले, आणि १० जुलै २०२३ रोजी फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. ज्या कारखान्यासाठी दोन राज्ये भांडली, तो त्या भागीदारीतून कोठेच उभा राहिला नाही. म्हणून आमचे सांगणे असे की मथळ्यावर विसंबून मुलांची शिक्षणे सोडवू नका.

फोनवर नाव एकाचे, घाम दुसऱ्याचा

मावशींना वाटते, फोनवर ज्या कंपनीचे नाव तीच आपल्या पोरीला पगार देईल. तसे नसते. ॲपलचे स्वतःचे कारखाने जवळपास नाहीतच. फोन जोडण्याचे काम फॉक्सकॉन, पेगाट्रॉन, टाटा अशा कंत्राटी कंपन्या करतात. त्या कंपन्या पुन्हा ठेकेदारांकडून माणसे घेतात. म्हणजे मुलगी जोडणार एकाचा फोन, दुसऱ्याच्या छपराखाली, आणि पगारपत्रकावर नाव तिसऱ्याचे.

मग पैसा कोठे जातो? अमेरिकेतील तीन अभ्यासकांनी २०१० सालच्या आयफोनचा हिशेब मांडला होता. फोनच्या किमतीतील दर १०० रुपयांत सुमारे साडेअठ्ठावन्न रुपये ॲपलचा नफा, आणि चीनमध्ये तो फोन जोडणाऱ्या कामगारांच्या वाट्याला दोन रुपयांहूनही कमी. त्यानंतर काळ बदलला, कारखाने आपल्या देशात आले. पण नफा वर आणि घाम खाली, ही वाटणी या धंद्यात मुरलेली आहे. पुढारपणाची चढाओढ जितकी तीव्र, तितका कंत्राटदारावर “लवकर द्या, स्वस्तात द्या” असा दाब येतो. तो दाब शेवटी रांगेत उभ्या असलेल्या मुलीच्या बोटांवर येतो.

त्याचे दाखले फार जुने नाहीत. १२ डिसेंबर २०२० रोजी कर्नाटकात नरसापूर येथील विस्ट्रॉनच्या कारखान्यात पगार बरोबर मिळत नाही म्हणून कामगारांचा उद्रेक झाला, मोडतोड झाली. काही कामगारांना योग्य वेतन दिले गेले नव्हते हे पुढे कंपनीने मान्य केले आणि एका बड्या अधिकाऱ्याला काढले. डिसेंबर २०२१ मध्ये श्रीपेरुंबुदूरच्या फॉक्सकॉन कारखान्यातील मुलींना वसतिगृहाच्या जेवणातून विषबाधा झाली, दीडशेहून अधिक मुली दवाखान्यात गेल्या. तेव्हा त्यांच्या सोबतिणी महामार्गावर येऊन बसल्या. कारखाना काही आठवडे बंद राहिला, ॲपलला वसतिगृहांची दखल घ्यावी लागली. आणि जून २०२४ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केले की त्याच कारखान्यात लग्न झालेल्या स्त्रियांना जोडणीच्या कामावर घेण्याचे टाळले जाते. केंद्र सरकारने राज्याकडे अहवाल मागितला. कंपनीने भेदभावाचा आरोप नाकारला. पण आईने प्रश्न विचारलाच पाहिजे: लग्नानंतर माझ्या मुलीचे काय?

केवळ काळी बाजू सांगणे बरोबर नाही. २०१४ साली देशात मोबाइल बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके होते. २०२० साली केंद्राने सुमारे ४१ हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. आज फोन बनवण्यात भारत जगात चीनखालोखाल आहे. जिने कधी तालुक्याबाहेर पाऊल टाकले नव्हते, अशी मुलगी आज स्वतःच्या नावाच्या खात्यात पगार घेते. ही साधी गोष्ट नाही. आम्ही मुलीच्या उमेदीवर पाणी ओतायला बसलेलो नाही.

एम्प्रेस मिलचा धडा

नागपूरकरांना या साऱ्याचे नवल वाटू नये. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. आपल्या वस्त्यांतील कितीतरी आजोबा-पणजोबांनी भोंग्यावर घड्याळ लावून तेथे जन्म काढला. मिलने १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू केली, त्या काळी ही मोठी गोष्ट होती. “मिलमध्ये चिकटला” म्हणजे मुलाचे भाग्य उजळले, असे लोक म्हणत. १९८६ साली टाटांचा संबंध संपला, मिल शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद पडली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. जेथे सूत निघत होते तेथे आपली नातवंडे मोबाइलचे भाव विचारीत हिंडतात.

आणि पाहा काळाचा फेरा! त्याच टाटा घराण्याने तमिळनाडूत होसूर येथे आयफोनचे भाग आणि फोन बनवण्याचे कारखाने उभारले. २०२३ साली विस्ट्रॉनचा नरसापूरचा कारखाना घेण्याचा करार केला आणि जानेवारी २०२५ मध्ये पेगाट्रॉनच्या भारतातील कंपनीतही ६० टक्के वाटा घेतला. भांडवलाला पाय असतात. ते नागपूरहून होसूरला जाते, सुताकडून चिपकडे जाते. कामगाराला मात्र घर असते, म्हातारे आईबाप असतात. म्हणून कंपनी किती मोठी हे पाहण्यापेक्षा आपल्या हातात कोणता कागद आहे, हे पाहावे.

कामाच्या तासांचेही तेच. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. आठ तासांच्या दिवसाचा आग्रह त्यांनी तेव्हाच्या त्रिपक्षीय परिषदेत धरला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आज चढाओढीचे नाव घेऊन तो दिवस पुन्हा ताणला जात आहे. कर्नाटकाने २०२३ साली १२ तासांच्या पाळीला वाट दिली. तमिळनाडूने एप्रिल २०२३ मध्ये तसेच विधेयक मंजूर केले; पण कामगार संघटना उभ्या राहिल्या आणि कामगार दिनी ते मागे घेतले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही १२ तासांना मान्यता दिली, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा ठेवून. दोन राज्यांतील फरक ध्यानात घ्या. जेथे माणसे एकत्र आली तेथे विधेयक मागे गेले.

पाच प्रश्न

एवढे सारे आम्ही पुढच्या आठवड्यात मावशींना आणि त्यांच्या मुलीला टपरीवर बसून सांगितले. मुलगी हुशार. म्हणाली, “काका, इतकं सगळं मी त्याले कसं सांगू? मले इचारायचं काय तेवढं लिहून द्या.” आम्ही चहाच्या टपरीवरच एका कागदावर पाच प्रश्न लिहून दिले. ते येथेही देतो. कात्रण काढून घरात लावा.

१. नेमणूकपत्र कोणाच्या नावाचे आणि किती महिन्यांचे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे.

२. हातात पगार किती? जेवण, खोली, बस यांचे पैसे त्यातून कापणार काय? भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय कापून भरणार काय?

३. पाळी किती तासांची? जादा कामाला दुप्पट दर आहे, तो पगारपत्रकावर दिसणार काय?

४. वसतिगृहात एका खोलीत किती मुली? पाणी, संडास, रात्री आजारी पडल्यास वाहन? तेथे काम करणाऱ्या एखाद्या मुलीशी बोलता येईल काय?

५. लग्न झाल्यावर किंवा कंत्राट संपल्यावर काय?

आणि दोन गोष्टी कधीच करू नका. नोकरी लावून देण्याचे पैसे कोणाला देऊ नका, आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या हाती ठेवू नका. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, हेही माहीत असू द्या.

मुलीने त्याच दिवशी ठेकेदाराच्या माणसाला फोन लावला. मावशी शेजारी बसून ऐकत होत्या. तो पहिल्यांदा हसला, मग चिडला. “एवढे प्रश्न पोट्ट्याही विचारत नाहीत,” म्हणाला. मुलगी शांतपणे म्हणाली, “मग त्याहीले विचारायला सांगते.” तीन दिवसांनी त्याने कागद पाठवला. पत्र ठेकेदाराचे, मुदत ११ महिन्यांची. निधी आणि ईएसआय आहे. जेवणाचे पैसे कापणार आहेत, जे आधी फुकट सांगितले होते. वसतिगृहातील एका मुलीचा नंबर दिला, ती यवतमाळकडची निघाली. दोघी अर्धा तास बोलल्या. पाचव्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

आम्हाला वाटले, आता मुलगी जाणार नाही. पण तिने आम्हाला खोटे ठरवले. ती म्हणाली, “काका, मी जाते. पण मोठ्या कंपनीची म्हणून नाही जात, ११ महिन्यांची म्हणून जाते. पैसे साठवते आणि परत येऊन नर्सिंगचा फॉर्म भरते. आई दवाखान्यात आया आहे, मी त्याच दवाखान्यात सिस्टर म्हणून जाईन.” मावशींनी डोळ्याला पदर लावला. मग सगळ्या कागदांची झेरॉक्स काढून एक प्रत पेटीत ठेवली आणि एक आम्हाला दिली. “तुमच्याजवळ राहू द्या भाऊ,” म्हणाल्या.

ती गाडीत बसली त्या दिवशी तिच्याबरोबर वस्तीतील आणखी दोन मुली होत्या. तिघींच्या पिशवीत त्या पाच प्रश्नांचा कागद होता.

मावशी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. मोठी कंपनी बुडते, विकली जाते, धंदा बदलते, कधी येतच नाही. पहिला नंबर आज याचा, उद्या त्याचा. त्यांच्या शर्यतीत आपण कोणाचे झेंडे धरायचे नाहीत. आपली मुलगी मात्र पुढे गेली पाहिजे, आणि ती विचारून, वाचून, सही करण्याआधी दोनदा पाहून गेली पाहिजे. वाचकहो, तुमच्या घरी असा ठेकेदार आला असेल तर त्याने काय सांगितले आणि कागदावर काय लिहिले, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.